बुटाचा नंबर

"ताई, त्या बोरीच्या मनकर्णाबाईच्या बुटाचा नंबर काय हाय?"

सत्यशीला जिंतूरच्या बसमध्ये खिडकीशी बसली होती. फोनवर परमेश्वर होता. मूळचा सेलूचा, आता हैदराबादच्या कंपनीत खरेदी विभागाला.

"बूट? ती जन्मात बूट घातली न्हाई. कशाला पाहिजे?"

"लॅबमध्ये जायचं तर कंपनीचे बूट घालावे लागतेत. बारा तारखेला बोलावलंय तिला. माल कसा वाळवती ते शास्त्रज्ञांना सांगायचंय. लॅबच्या डॉक्टर मॅडमनं सोता नाव घेतलं तिचं."

"अन् मला?"



"तुमचं काय ताई, तुमी घरच्याच. आज तपासणी हाय न तिची? सत्तरच्या वर मार्क पडू द्या, म्हंजे तिचा लॅबचा पास निघंल. न्हाईतर सहा महिने नाव बाद."

कंपनी नवी औषधं शोधते. औषध बाजारात यायला दहा-बारा वर्षं जातात आणि बहुतेक येतच नाहीत. सत्यशीलाचं काम अगदी पहिल्या पायरीवरचं. प्रयोगाला लागणारी वनस्पती कोणाकडून घ्यायची, तिचा अर्क कोणाकडून काढून घ्यायचा, हे ठरवायचं आणि बाहेरच्या या माणसांकडून नियमात, वेळेत काम करून घ्यायचं. परभणीतल्या एका खोलीतून ती सोळा वर्षं हे करत होती. लॅब तिने पाहिली नव्हती. एकदा हैदराबादला गेली, तेव्हा बाहेरच्या सोफ्यावर बसवून कॉफी दिली, फाइल घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने परत पाठवलं.

मनकर्णाला तिनेच शोधलं होतं. पाच वर्षांपूर्वी मनकर्णाच्या लेखी भुईआवळा म्हणजे निंदताना उपटून बांधावर फेकायचं तण. तो मुळासकट कसा काढायचा, सावलीत कसा वाळवायचा, कोणत्या शेतातला, कोणत्या दिवशीचा हे चिठ्ठीवर कसं लिहायचं, सगळं सत्यशीलाने शिकवलं. गेल्या महिन्यात डॉक्टर मॅडमचा ईमेल आला. सात जणांच्या मालापैकी फक्त मनकर्णाच्या मालाने तिन्ही वेळा सारखा निकाल दिला होता. सत्यशीलाने तो ईमेल चार वेळा वाचला. स्वतःचं नाव कुठे दिसतं का, हे पाहायला पाचव्यांदा उघडला नाही.

बोरीत घराच्या दारातच मनकर्णा उभी होती.

"या ताई. च्या ठेवलाय."

"च्या नको. आधी शेड दाखव."

पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मनकर्णा पुढे झाली.

पत्र्याच्या शेडला चारी बाजूंनी जाळी होती. तापमापक जागेवर, ट्रे जमिनीपासून दोन फूट वर, प्रत्येक ट्रेला चिठ्ठी. चिठ्ठीवरचं अक्षर पाहून सत्यशीलाच्या कपाळावर आठी पडली. मनकर्णाचा 'श' हुबेहूब तिच्यासारखा होता, तोच खाली ओढलेला फाटा. ती एकेक ट्रे पाहत गेली. दोष सापडेना तशी तिची पावलं जड व्हायला लागली.

मग मागच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, मुगाच्या शेंगा दिसल्या. बारदानावर पसरलेल्या, चांगल्या पोतंभर.

शेडमध्ये दुसरं काहीही वाळवायचं नाही, हा पहिला नियम. धूळ, बी, भुंगे मालात गेले की प्रयोग वाया जातो. सत्यशीलाला बरं वाटलं. बरं वाटल्याचं तिच्या लक्षात आलं, तरीही बरंच वाटत राहिलं. तिने मोबाइल काढून तीन बाजूंनी फोटो घेतले.

मनकर्णाची सासू कमलबाई काठी टेकत आली.

"कशाचे फोटो काढायलीस माय? आभाळ भरून आलतं. मूग काय भिजू द्यायचा? तुमचे उंदरं औषध खातेत, आमी मूग खाताव."

"आत्याबाई, गप बसा जरा," मनकर्णा म्हणाली.

सत्यशीला उभ्या उभ्याच फॉर्म भरत होती. "शेडचे वीस गेले. मालाचे पंधरा. पासष्ट." तिने आकडा लिहिला. "सत्तरच्या खाली हाय, मनकर्णा. माझा नाइलाज हाय."

मनकर्णा आत जाऊन वही घेऊन आली आणि पान उघडून समोर धरलं.

'सोमवार. पाऊस. सासूबाईंनी शेडमध्ये मूग टाकला. जवळचे चार ट्रे बाहेर काढले. हा माल पाठवायचा नाही.' खाली सही.

चारही ट्रे ओसरीत होते. प्रत्येकाला लाल दोरा बांधलेला. सत्यशीला त्यांच्याच शेजारून आत आली होती.

"शेंगा हलवल्या असत्या तर धूळ उडाली असती. म्हणून ट्रेच हलवले," मनकर्णा म्हणाली. "डॉक्टर मॅडमला बी फोनवर सांगितलं. त्या म्हणल्या, ताईला दाखवा. त्या ठरवतील तसं."

"मग आल्याबरोबर सांगायचं न्हाई का मला?"

"तुमी च्या बी घेतला न्हाई."

सत्यशीलाने वहीतली नोंद पुन्हा वाचली.

"तुमीच म्हणला होतात," मनकर्णा हळूच म्हणाली, "आपली चूक आपण लिहिली तर नोंद, दुसऱ्यानं लिहिली तर चोरी."

पुरवठादाराने स्वतः नोंदवून माल बाजूला ठेवला असेल तर पाचच मार्क कापायचे, असं फॉर्मच्या मागे छापलेलं होतं. तो फॉर्म मराठीत सत्यशीलानेच केला होता. पण त्या ओळीत 'तपासणाऱ्याच्या मते' असेही शब्द होते. वहीचं ते पान तिने सोडून दिलं असतं तरी तिच्या फॉर्मवर हैदराबादेत कोणी शंका घेतली नसती.

ती ओसरीच्या कडेला बसली. पासष्ट खोडलं. वर पंच्याण्णव लिहिलं. सोळा वर्षांत तिने कोणाला नव्वदच्या वर दिले नव्हते. खाडाखोड झाली की शेजारी सही करायची, हा नियमही तिचाच. तिने सही केली आणि मुगाच्या फोटोंसोबत वहीच्या पानाचा फोटो जोडला.

"लॅब कशी असती ताई?" मनकर्णाने विचारलं. "तुमी तर लय येळा गेला असाल."

"आतून न्हाई पाहिली."

मनकर्णाला थट्टा वाटली. ती हसली, आणि मग तिचं हसू थांबलं.

"बुटाचा नंबर पाहिजे तुझा," सत्यशीला म्हणाली.

"मला काय म्हाईत? बाजारात चपलीत पाय घालून बघती मी."

सत्यशीलाने उजव्या पायातली चप्पल काढून पुढे सरकवली. मनकर्णा मागे झाली.

"तुमची चप्पल? न्हाई ताई."

"घाल म्हणते ना."

मनकर्णाने पाय घातला. शेतातून आलेला, रुंद, भेगा पडलेला पाय. टाच जराशी मागे राहिली.

"माझा सहा हाय," सत्यशीला म्हणाली. "तुझा सात."

मनकर्णाने चप्पल परत देण्याआधी पदराने पुसली. तरी टाचेच्या कडेला काळ्या मातीचा ठसा राहिला. सत्यशीलाने त्यावर पाय ठेवला आणि परमेश्वरला नंबर कळवला.

"आण आता च्या," ती म्हणाली.