हलका होत गेलेला भार

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. अॅल्युमिनियमच्या नळीची, खाली रबरी टोपण आणि काखेत स्पंजची गादी. जे घडलं ते सांगते. मला त्याचा अर्थ अजून नीट लागलेला नाही, तुम्हाला लागला तर बघा.

नव्या पनवेलच्या नीताताई स्कूटरवरून पडल्या आणि मी त्यांच्या घरी आले. पहिल्या दिवशी त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला, तेव्हा मी घाबरलेच. पण भार रोज थोडा कमी होत गेला. दोन महिन्यांत त्या माझ्याशिवाय चालू लागल्या. "हिनेच मला उभं केलं," असं त्या आल्यागेल्याला सांगत. तेव्हा मी एक गोष्ट पक्की शिकले : भार हलका होतो, म्हणजे पाय बरा होतो.

पुढे दोन वर्षं मी माळ्यावर धूळ खात पडले. मग नीताताईंनी मला दवाखान्याला देऊन टाकलं. तिथे मी बुधाजींना मिळाले.

बुधाजी जासईकडचे. पूर्वी मिठागरात राबत. मिठागरं गेली, पाठोपाठ बायको गेली आणि ते पनवेलच्या उड्डाणपुलाखाली राहू लागले. त्यांना साखरेचा आजार होता. डाव्या तळव्याला पडलेली जखम भरत नव्हती.

दवाखान्यातल्या दिपिका सिस्टर मायेने पट्टी बांधत. "काका, पाय ओला होऊ देऊ नका. आराम करा. आणि ही इन्सुलिनची बाटली फ्रीजमध्ये ठेवा."

बुधाजी हसले. "बाय, मना घर नाय, फ्रीज कुटून आनू?"

मी गोंधळले. पाय ओला होऊ देऊ नका, आराम करा, असं नीताताईंनाही सांगितलं होतं, आणि त्यांनी ते सहज केलं होतं.

पुलाजवळ मालूबाई लिंबूसरबताची गाडी लावत. त्या म्हणाल्या, "दे इकडं. माज्या बर्फाचे पेटीन ठेवते." तेव्हापासून बुधाजी सकाळ-संध्याकाळ गाडीपाशी येऊन स्वतःच सुई टोचून घेत. काही महिने बरे गेले.

मग मे महिन्यात मालूबाईंची लेक बाळंत झाली आणि त्या आठ दिवस चिरनेरला गेल्या. जाताना त्यांनी बाटली बुधाजींच्या हातात दिली. ती फ्रीजमध्ये ठेवाल का, असं बुधाजींनी दोन दुकानांत विचारलं. "उद्या तुम्हाला काही झालं तर आमच्यावर येईल," असं दोघांनीही सांगितलं. मग ती बाटली बुधाजींच्या सदऱ्याच्या खिशात, उन्हातच राहिली आणि औषध निकामी झालं.

त्या दिवसांत बुधाजींचा माझ्यावरचा भार झपाट्याने हलका होऊ लागला. मला केवढा आनंद झाला! वाटलं, पाय बरा होतोय. मित्रांनो, पाय बरा होत नव्हता. बुधाजी झिजत होते.

मालूबाई परतल्या तेव्हा ते तापाने फणफणले होते. "आरं, मी नव्हते तं कोनाला हाक तरी मारायची!"

"कोनाला मारू?" बुधाजी म्हणाले.

मालूबाईंनी रिक्षा करून बुधाजींना इस्पितळात नेलं. जखमेचं विष अंगभर पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी बुधाजी गेले.

कारकुनाने मालूबाईंना विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"भाऊ म्हनून लिवा. मी भैन."

"त्यांचं वय?"

"बावन्न."

कारकुनाने मान वर केली. "बावन्न? मला वाटलं सत्तरी उलटलेली असेल."

मलाही तसंच वाटलं होतं. आठ महिने मी त्यांच्या काखेत होते, तरी मला कळलं नाही. रस्ता माणसाची वर्षं कशी खातो, हे कोडं मला सुटत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. पुलाखाली कुणी पायाला पट्टी बांधून बसलेलं दिसलं, तर म्हातारा आहे, असाच असतो, असं समजून पुढे जाऊ नका. नाव विचारा. पट्टी कधी बदलली ते विचारा. मी नुसता भार पेलला, विचारायला मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.