कमांडरच्या डाव्या कानात

मी बोल्या बोलतोय. कानातला बोल्या. हरभऱ्याएवढा, कातडीच्या रंगाचा, म्हणजे टीव्हीवर दिसायला नको. आमच्या मेक्सिकोत मालिकेचे नट पाठांतर-बिठांतर करत बसत नाहीत. काचेच्या खोलीत चेलोबाई माईक घेऊन बसतात, वाक्य वाचतात, ते माझ्यातून नटाच्या कानात शिरतं, नट लगेच तेच म्हणतो आणि लोक घरी बसून डोळे पुसतात. फसवणूक म्हणा हवं तर. माझं पोट त्यावरच आहे.

कधी कधी धमाल होते. एका नव्या नटाला खुन्याचं काम मिळालेलं. चेलोबाईंनी कंसातली सूचना पण वाचली, तर पठ्ठ्या आईच्या प्रेतासमोर छाती काढून म्हणतो, "रडत रडत खाली बसतो!" मी एवढा हसलो की खरखरलोच.

जन्म कारखान्यातला. आईबाप ठाऊक नाहीत. एका डबीत सगळे भाऊ होतो, मग ज्याला जो कान मिळाला तिकडे तो गेला. माझ्या वाट्याला आला मास्तर एवारिस्तोचा डावा कान. सेटवर सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मालिकेत तो पोलिसांचा कमांडर बार्रागान. नुसता खोकला तरी चोर गुन्हा कबूल करायचे.

तसं माझं जगणं एकट्याचंच. दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला पोचवायचं, मध्ये आपण. पोस्टमनला निदान कुणी पाणी तरी विचारतं. मला मास्तर रात्री काढून रुमालात गुंडाळायचा आणि विसरायचा.

आणि विसरणं वाढत चाललेलं. ते फक्त मला आणि चेलोबाईंना माहीत. सगळ्यांच्याच कानात बोल्या, त्यामुळे मास्तरच्या डोक्यात काही शिल्लक नाही हे कुणाला कळणार? चेलोबाईंनी एक वेगळं बटण करून घेतलं होतं. ते दाबलं की त्यांचा आवाज फक्त माझ्यात यायचा. "मास्तर, दार उजवीकडे. मास्तर, पाणी प्या. ही समोरची यादिरा." काम गेलं तर म्हाताऱ्याला घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. मांजर सुद्धा नाही. सेट हेच त्याचं घर.

यादिरा म्हणजे मालिकेत त्याच्या हाताखालची पोरगी, एजंट तेरे. पडद्यावर ती कमांडरला देव मानायची. पडद्यामागं कॉफीच्या टेबलापाशी म्हणायची, "थेरड्याला माझं नाव पण माहीत नाही. कधी लुपिता म्हणतो, कधी काय. एवढा माज!" रंगपटवाली म्हणायची, "अगं, मोठे नट असेच असतात. तू तामाले खा."

मग तो भाग आला. रक्ताचा शर्ट कमांडरनंच लपवलेला असतो, खुनी पुतण्याला वाचवायला. तेरेला ते कळतं. ती शर्ट टेबलावर टाकते, आणि कमांडरनं ओरडायचं, "चालती हो!"

यादिरानं शर्ट टाकला. मास्तर शर्ट सोडून तिच्याच तोंडाकडं बघायला लागला. मला कळलं, गडी हरवलाय. चेलोबाई घाईघाईनं बोलल्या, "मास्तर, घाबरू नका, ही यादिरा आहे. तुमची लेक नाही हो, लुपिता गेली ना. आता म्हणा, चालती हो."

पण बाईंनी बटणच दाबलं नव्हतं.

सगळ्यांच्या कानात गेलं. यादिराच्या, दारावरच्या शिपायाच्या, कोपऱ्यात प्रेत होऊन पडलेल्या नटाच्या सुद्धा. त्या प्रेतानं डोळे उघडले. चेलोबाईंनी तोंडावर हात धरला असणार, कारण माझ्यात एकदम काहीच येईना.

दिग्दर्शक उलिसेसनं थांबवायला हात वर केला. तेवढ्यात यादिरानं स्वतःच्या कानातला बोल्या उपटला, टाकला खाली, आणि मास्तरच्या अगदी जवळ आली.

"कमांडर, तुम्हाला ओरडायचंय ना माझ्यावर?"

"का गं? काय केलंस तू?"

"तुम्ही लपवलेलं शोधून काढलं."

मास्तरनं शर्टाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "बरं केलंस पोरी. दमलो गं मी लपवून लपवून."

आणि दोन्ही हात पुढं केले, बेड्या घाल म्हणून.

हे कमांडर बोलला की म्हातारा, मला अजून कळलेलं नाही. आणि मी तर त्याच्या डोक्यालाच चिकटलेला! तिनं कमरेच्या बेड्या काढल्याच नाहीत. ते हात धरून तशीच उभी राहिली. उलिसेसचा हात वरच राहिला, कॅमेरा चालूच.

निर्माता दुसऱ्या दिवशी आला. "मास्तर, तुम्ही आता आराम करा," म्हणायला लागला. यादिरा मध्ये पडली. "त्यांची वाक्यं मी पाठ करते. माझी पण. ते गेले तर मीही जाते."

"अगं, वेडी का तू? इथं कुणी पाठ करतं का!"

"मी करते."

केली की! प्रत्येक सीनआधी ती त्याच्या शेजारी बसायची, हात धरून वाक्य सांगायची. कॅमेऱ्यासमोर अडला तर तेरे होऊन असं काही विचारायची की उत्तर आपोआप यायचं. मालिका संपेपर्यंत मास्तर टिकला. एकदा तिला लुपिता म्हणाला, तर ती "हो बाबा" म्हणाली. कट झाल्यावर सुद्धा.

चांगलंच झालं. मी कुठं नाही म्हणतोय? फक्त मला कानातून काढलं ते परत कुणी घातलं नाही. मालिका संपली तशा चेलोबाई दुसऱ्या मालिकेवर गेल्या.

शेवटच्या दिवशी मास्तरचा खण आवरताना मी त्याच्या तळहातावर आलो. त्यानं मला उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं.

"हे काय गं?"

यादिरानं मला त्याच्या हातातून घेऊन रिकाम्या खणात ठेवलं. "काही नाही, मास्तर. चला, सूप गार होतंय."

गेले दोघं. मी खणात. आता कुणाचा कान रिकामा असेल तर सांगा राव. फुकट राहीन, खरखरणार पण नाही. फक्त पलीकडून कुणीतरी बोलत राहा.