पिवळ्या हिरवळीचं गाऱ्हाणं

मी एक जुनी हिरवळ आहे. हसू नका, मित्रांनो. एप्रिल संपत आला तरी मी वाळल्या चाऱ्यासारखी पिवळीच असते, हे मलाही ठाऊक आहे. अमेरिकेत नेब्रास्कातल्या या अंगणात मला चौथं वर्ष लागलंय, पण माझी मुळं माझ्या मालकिणीच्या, डार्लाच्या आजोबांच्या कुरणातली. तिथे माझ्या पूर्वजांना रानरेड्यांनी तुडवलं, वणव्यांनी जाळलं, पाऊस तर त्यांना कैक वर्षं विसरूनच गेला. तरी वंश टिकला.

डार्लाने मला इथे आणलं ते नवऱ्याच्या पाठीपायी. कर्टच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, दर शनिवारी गवत कापायचं यंत्र ढकलणं आता बंद. मग डार्लाने कुरणातून माझ्या मूठमूठभर गड्ड्या खणून आणल्या, वीतवीत अंतरावर लावल्या आणि दोन उन्हाळे गुडघे टेकून तण उपटलं. तिसऱ्या वर्षी मी सगळं अंगण झाकलं. उंची टीचभर, कापणी वर्षातून दोनदा, पाणी जवळजवळ नाहीच. कर्ट व्हरांड्यात बसून आरामात लिंबूपाणी प्यायचा.

पण माझी एक खोड आहे. जमीन नीट तापल्याशिवाय मी जागी होत नाही. आणि इथे मुलांची बारावी होऊन शाळा संपली, की मेच्या मध्यावर घरोघरी मेजवानी असते. अख्खं गाव अंगणात येतं, कागदी ताटलीतून केक खातं आणि खाता खाता घर निरखून घेतं. या वर्षी पाळी कर्टच्या लेकीची, ब्रेनाची होती.

"कर्ट, तुझं अंगण गेलं की रे!" शेजारचे वर्नकाका कुंपणापलीकडून म्हणाले. "एखादी गाय तरी बांध. चारा तयारच आहे."

"झोपलीय ती, काका. उठेल."

"पोरीच्या मेजवानीला लोकांनी काय घोरणारं अंगण बघायचं?"

कर्टला ते लागलं. त्या संध्याकाळपासून तो नळी धरून उभा राहू लागला. डार्ला धावतच बाहेर आली.

"अरे, नको ना पाणी! किती वेळा सांगायचं?"

"थोडंसंच गं. बघ ना, किती तहानलेली दिसतेय बिचारी."

थोडंसं करता करता रोजचं झालं. मग खताची गोणी आली. मित्रांनो, मला ओरडता येत नाही, हेच माझं दुर्दैव. ते पाणी, ते खत माझ्या उपयोगाचं नव्हतं. मी झोपेत होते. जागं झालं ते माझ्यात दडलेलं तण. खाऊनपिऊन ते असं माजलं, की माझ्यावर सावलीच धरली.

मेजवानीला पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केलं. "कर्ट, काय हिरवंगार केलंस रे!" कौतुक तणाचं, आणि मी खाली गुदमरतेय! डार्लाने वाकून दोन बोटांनी ते हिरवं बाजूला सारलं, मला पाहिलं. मग ती उठली आणि हसऱ्या चेहऱ्याने केक कापू लागली.

जुलैच्या उन्हात तण करपलं. त्याखाली उरली उघडी माती. फक्त टपालपेटीजवळच्या पट्ट्यात मी जिवंत होते. डार्लाने कर्टला दंडाला धरून तिथे नेलं.

"बघ. इथे तुझी नळी पोहोचली नाही."

त्याने वाकून माझ्यावरून हात फिरवला. "म्हणजे... मीच मारली?"

"प्रेमाने मारलीस."

त्याच पट्ट्यातून तिने माझ्या गड्ड्या काढल्या आणि सगळं अंगण पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतलं. नव्या गड्ड्या मूळ धरेपर्यंत पाणी लागतं. तेवढं काम तिने कर्टला दिलं. "पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी हातात नळी दिसली, तर तिचे तुकडे करीन."

मित्रांनो, काळजी म्हणजे सारखं काहीतरी करत राहणं नव्हे. एखाद्याला वाढवायचं, तर त्याची रीत आधी समजून घ्या. झोपलेल्याला झोपू द्या. हात मागे बांधून नुसतं बघत राहणं फार कठीण असतं, पण तेवढं तरी शिका.

आज सोळावा दिवस आहे. मी मूळ धरलंय. डार्ला बाजारात गेलीय, आणि कर्ट इकडेतिकडे बघत नळीचं वेटोळं सोडतोय. कुणीतरी अडवा हो त्याला!