सगळं पाहणारे ब्रदर इझिकेल

शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मासे तळतात, तेव्हा अर्धं गाव तिथंच असतं. पण त्या शुक्रवारी ताटातले मासे गार झाले तरी कुणाला शुद्ध नव्हती. ब्रदर इझिकेल नावाचे कुणी सत्पुरुष डोळे मिटून उभे होते आणि नाव विचारून एकेकाचं गुपित सांगत होते!

"विल्मा पेटिट! मागच्या प्राथमिक निवडणुकीत रिपब्लिकन मतपत्रिका घेतलीस. त्याआधी मतदानाला गेलीच नव्हतीस. खरं की खोटं?"

"अगं बाई! अगदी खरं!"

"कुणाच्या नावापुढं खूण केलीस तेही दिसतंय, पण बोलत नाही. मंडळी, मंगळवारी मत द्यायचंय? मग ही मंतरलेली फीत मनगटाला बांधा. वीस डॉलर. मग मलासुद्धा दिसणार नाही!"

म्हणजे चोरानंच कुलूप विकायचं! पण लोक रांगेत उभे राहिले.

विल्मा माझी शेजारीण. ती मला बाजूला ओढून कुजबुजली, "क्लाइड, शेरीफपदाला माझा भाचा तेव्हाही उभा होता, आताही आहे. मी त्याला मत दिलं नाही रे, नुसता उंडगा आहे तो! हा बोलला तर बहीण माझं तोंड बघायची नाही. मी आता मतदानाला जायचीच नाही."

आधीच आमच्याकडे प्राथमिक निवडणुकीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला, चार माणसं येतात, त्यात हे! चाळीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी. माझं डोकंच फिरलं.

"ब्रदर, माझंही सांगा की! क्लाइड बीमर."

"गेल्या वेळी... डेमोक्रॅट मतपत्रिका!"

"त्या दिवशी मी खुब्याचं हाड मोडून इस्पितळात होतो. मत दिलंच नाही!"

मागून निवडणूक कचेरीतल्या लोरेटाबाई घास चावतच उठल्या. "ती चूक आमची! याच्याच नावाचा चुलतभाऊ यादीत पुढच्याच ओळीत आहे, त्याची नोंद याच्यापुढं पडली. एप्रिलमध्ये सुधारली. तुमच्या देवाकडं मार्चची यादी आहे वाटतं, ब्रदर?"

हॉल खदखदून हसला.

"कोण आलं, कोणत्या पक्षाची मतपत्रिका मागितली, एवढं यादीत असतं," बाई म्हणाल्या, "आणि यादी मागेल त्याला मिळते. खूण कुणाच्या नावापुढं केली ते कुठंच नसतं. मतपत्रिकेवर तुमचं नावच नाही, तर कळणार कुणाला?"

ब्रदर मागच्या दारानं पसार झाले. म्हणून सांगतो, कुणी मनातलं ओळखू लागला तर हात जोडण्याआधी विचारा, हे याला आणखी कुठून कळलं असेल?

मंगळवारी विल्मा मत देऊन रस्त्यावर आली, तर भाचा हजर. "मावशी, मत मलाच ना?"

"तू माझ्या बहिणीचा आहेस रे राजा," विल्मा म्हणाली, "पण मत माझं आहे."