जोडीदाराची जागा

ऊसतोड टोळ्यांची नोंद ठेवणारा जुना प्रोग्रॅम संगणकीय भाषेच्या नव्या व्हर्जनवर न्यायचं काम मंजुषाने नांदूरघाटला घरी बसून घेतलं, तेव्हा ते इतकं जिवावर येईल असं तिला वाटलं नव्हतं. कोड तपासणारा नवा कंपाइलर खाष्ट सासूसारखा ओळीओळीला नाक मुरडत होता; एक एरर मिटवावी तर दुसऱ्या चार उभ्या. शेवटी एकच उरली, पण ती हटेना. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि टोळीचा मुकादम अर्ध्याला कामावर घेत नसे. जुन्या भाषेत जोडीदाराची जागा रिकामी सोडता येई. नव्या भाषेला तिथे कुणीतरी हवंच होतं.

वैतागून तिने अशा प्रत्येक रिकाम्या जागेसाठी तात्पुरतं एक नाव टाकलं. बोटांवर आलं ते वडिलांचं, आप्पाराव. एरर गेली. नंतर नीट करू म्हणून ती उठली आणि गडबडीत ते तसंच ठेकेदाराच्या ऑफिसला गेलं.

आप्पाराव ऊस तोडताना फडातच गेले होते, त्याला वर्षं लोटली. तेव्हापासून तिच्या आईला, साखराबाईला, कुणी टोळीत बोलावलं नव्हतं, आणि मंजुषाला त्याचंच सुख होतं. आईचं काळीज अधू होतं. डॉक्टरांनी मोळी उचलायची सक्त मनाई केली होती.

दसरा झाला आणि मुकादम रामकिसन दारात उभा राहिला.

"साखराबाय, यंदा तुमचा कोयता पुरा लागलाय. उद्या गाडी निघंल."

"मामा, चुकून पडलंय ते नाव," मंजुषा घाईने म्हणाली. "आप्पा कुठे आहेत आता?"

रामकिसन वळला. जाताना त्याने रिकाम्या बाजेकडे पाहून रामराम केला.

"आई, तू जायचं नाहीस. एकटी कशी जाशील?"

"एकटी कामून?" साखराबाई भाकरी थापत म्हणाली. परातीत पीठ तिघांचं होतं.

 मंजुषाने लॅपटॉप उघडून ते नाव पुसलं. एरर परत आली. दुसरं नाव घातलं. कंपाइलरने तेही नाकारलं. हरून तिने जपून ठेवलेला जुना कोड उघडला, तर तिने कधी हातही न लावलेल्या ओळींत, जिथे जागा रिकामी असायची तिथे, आप्पाराव होते. तिने ठेकेदाराच्या ऑफिसला फोन लावला. "नोंद बरोबर आहे, मॅडम," एवढंच उत्तर मिळालं. मग ती लहान पोरीसारखी रडली. तिच्या हातात आता काहीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक वेशीपाशी लागला. साखराबाई दोन कोयते घेऊन वर चढली. मंजुषा ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून विनवत राहिली, "आई, उतर गं. मी पाया पडते."

"तू नको घाबरू," आई म्हणाली. "हे हायत की."

रामकिसन हजेरी घेऊ लागला. "साखराबाई, आप्पाराव. जानकीबाई, आप्पाराव. विमलबाई, आप्पाराव." तो कुठेही अडखळला नाही. ट्रकमधल्या साऱ्या एकट्या बाया माना डोलावत होत्या, आणि प्रत्येकीने आपल्या शेजारी थोडी जागा सोडली होती.

त्या प्रत्येक जागेवर अंथरलेली वाकळ एका माणसाच्या भाराने खाली दबली होती.