सुक्या बोंबलाची जाहिरात

तारापूरचा कारखाना बंद पडला आणि भाविकाची नोकरी गेली, नेमकी आईची मान कामातून गेली तेव्हाच. सातपाटीची सुकी मासळी मनोरच्या बाजाराला वाहून वाहून हिराबाईच्या मानेचे मणके पार झिजले होते. "पुन्हा डोक्यावर ओझं घेतलंत, तर हातपाय लुळे पडतील," पालघरच्या डॉक्टरनं बजावलं होतं. घरात या दोघीच. घरबसल्या बोंबील खपले तरच आईच्या डोक्यावरची पाटी सुटणार, नाहीतर काय!

मग पोरीनं वेबसाइट केली, आईचे कानातले मोडले आणि सर्चवर जाहिरात लावली. कुणी 'सुके बोंबील' शोधलं की सगळ्यात वर यांचं नाव. त्यावर बोट टेकवलं की भाविकाचे पैसे कापले जाणार, मग तो माणूस बोंबील घेवो नाहीतर न घेवो. म्हणून दिवसाचं बजेट बांधून द्यायचं. तिनं तीनशे रुपये बांधले. तेवढे संपले की जाहिरात दुसऱ्या दिवसापर्यंत गायब.

पहिल्याच दिवशी सकाळच्या चहापर्यंत तीनशे खलास! ऑर्डर मात्र एक नाही. पोरीला वाटलं, गिऱ्हाईक येतंय आणि बघून परत जातंय. फोटो बदलले, भाव उतरवला, शेवटी बजेट दुप्पट केलं. अहो, तेही चहापर्यंत साफ! मुंबई-पुण्याच्या बाया दुपारी निवांत फोन घेऊन बसायच्या, तेव्हा यांची जाहिरात कुठेच नसायची.

पैसे तळाला गेले तेव्हा कुठे तिनं उघडून पाहिलं, ही बोटं टेकतात तरी कुठून. आधी बघायला काय झालं होतं? पण बुडत्याला कुठलं एवढं सुचायला! सगळी बोटं सातपाटीची.

"आये, गावातलंच कुणीतरी आपल्या मुळावर उठलंय!"

हिराबाई हसली. "अगो, त्या आपल्याच बाया! पाटी उतरली की पयला हात लागाया नको? तशी बोहनी. रोज सकाली जिनं-तिनं आपल्या फोनवर एकदा दाबायचं. तू बजेट वाढवलंस, तवा मी पन शेजारच्या गल्लीच्या बाया जोडल्या. एक बी 'नको' बोल्ली नाय."

"त्या बोहनीनंच पैसे खाल्ले! एकेका बोटाचे पैसे कापतात, आये!"

बोलली आणि जीभ चावली, पण सुटला तो सुटला शब्द.

"म्हंजे मीच बुडवलं?"

भाविकानं नाही म्हणायला हवं होतं. तिला म्हणता आलं नाही.

सकाळी बाया आपापल्या दारात आल्या, फोन घेऊन. हिराबाई उंबऱ्यावर उभी राहिली. "नको गो बायांनो. आता नका दाबू." त्यांना काही उमगेना. एकदोघी तर रुसूनच गेल्या.

मग तिनं पडवीतली पाटी ओढली आणि बोंबील भरायला घेतले.

"डॉक्टर काय बोलले, आये? मी जाते."

"तुला कोन वलखतं मनोरला? आनि वलांडीवर सुकत टांगलेल्या बोंबलांवरचे कावले हाकलाया माजी मान कुठं वर व्हते?"

बरोबरच होतं ते. हिराबाईनं डोक्यावर चुंबळ ठेवली, गुडघे टेकून बसली.

"उचल."

भाविकानं पाटी उचलली आणि आईच्या डोक्यावर ठेवली.