आजीच्या मापाच्या कुबड्या

आजीचं कपाट उघडलं की आधी रबराचा वास यायचा. आत शेकायच्या पिशव्या, बेडपॅन, एक वॉकर, घडीची चाकाची खुर्ची आणि लाकडी कुबड्यांची जोडी. या कुबड्यांपासूनच सगळं सुरू झालं. तरुणपणी आजोबांचा पाय मोडला तेव्हा त्या घेतल्या होत्या. पाय बरा झाल्यावर आजीला त्या नुसत्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या बघवेनात. तिनं त्या शेजारी दिल्या, आणि मग इमारतीत कुणी पडलं, कुणाचं ऑपरेशन झालं, की माणसं आमच्या दाराशी यायला लागली.

"परत आणताना स्वतःच्या पायांनी आणा," एवढीच तिची अट असायची.

परत आलेली वस्तू ती स्वतः वापरून बघायची. चाकाच्या खुर्चीतून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायची. कुबड्या बगलेत धरून, एक पाय उचलून, चष्मा कपाळावर चढवून घरभर टकटक करत फिरायची. काका दारातून विचारायचे, "आई, शर्यत कुणाशी लावलीयस?"

"तुझ्या बाबांशी. ते बसल्या जागी हरतायत."

आजोबा वर्तमानपत्र जरा वर धरायचे.

मी प्रयोगशाळेत काम करते. काहीही वजन करायचं तर आधी तराजू शून्यावर आणावा लागतो. आजीचंही तसंच होतं. कुबड्या आल्या की ती त्यांचे नट सोडवून त्या आधी आपल्या उंचीला लावायची, मग चालायची. कुठं करकरतंय, कुठलं रबरी बूच झिजलंय, ते तिला चालतानाच कळायचं. पुढचा माणूस आला की त्याच्या मापाला लावून द्यायची. आमच्या घरात शून्य म्हणजे आजीची उंची.

एका दुपारी ती जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

त्यानंतर आजोबा खिडकीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. मी पुन्हा त्यांच्याकडे राहायला आले. जेवायला हाक मारली की उठायचे, झोपायला जायचे, बाकी खुर्ची. जिना तर उतरलेच नाहीत. डॉक्टरांनी पाय तपासले. पायांत काही दोष नव्हता.

काकांनी शेवटी ठरवलं. "रविवारी मी तुम्हाला आमच्याकडे नेतो, बाबा. तिथं जिना नाही. हे घर बंद ठेवू, आणि कपाटातलं सामान दवाखान्याला देऊन टाकू."

"बघू," आजोबा म्हणाले.

आजी सांगायची, यांचं 'बघू' म्हणजे चक्क 'नाही'. पण या वेळी मला त्यात 'नाही' ऐकू आलं नाही. काकांच्या घरात ते दुसऱ्या खिडकीशी असेच बसणार, हे मला दिसत होतं. त्यांनी इथंच, आपणहून उठावं, एवढंच मला हवं होतं. ते कसं घडवायचं, ते मात्र कळत नव्हतं.

शनिवारी दुपारी बेल वाजली. तळमजल्यावरचे शिंपी दारात उभे होते.

"ताई, कपाट आहे ना अजून? मागू की नको, कळेना. बायको पडदा लावताना स्टुलावरून घसरली. पाय प्लास्टरमध्ये आहे."

"अरे बापरे! फार दुखतंय का?"

"तोंड व्यवस्थित चालू आहे. म्हणते, आता मशीन कोण चालवणार? म्हटलं, मी आहे ना. म्हणते, म्हणून तर काळजी."

मी कुबड्या काढल्या. खालच्या वहिनी उंच, नवऱ्यापेक्षा चांगल्या वीतभर. मी नटाला हात घातला आणि थांबले. लाकडातल्या भोकांपैकी एकच भोक कडेनं गुळगुळीत झालं होतं, आणि नट त्यातच होता. भिंतीवर आजीचा फोटो होता, पण फोटोत उंची नसते. हा नट फिरवला की तिची उंची घरात कुठंच उरणार नव्हती.

"काय झालं?" आजोबांनी खुर्चीतून विचारलं.

"आजीच्या मापाला आहेत."

मग शिंपी हळूच म्हणाले, "राहू द्या ताई. मी दुसरीकडे बघतो."

"दुसरीकडे कुठं बघताय?" आजोबा म्हणाले. "आण गं इकडं."

खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले. कुबड्या बगलेत घेतल्या तर कमरेतून वाकावं लागलं.

"हिच्या मापानं वाकावंच लागतं," ते पुटपुटले. "सवय आहे म्हणा."

एक पाय उचलून ते निघाले. टक, टक. मी मागून हात पसरून चालत होते. दारापाशी ते थांबले, पुन्हा एक पाऊल टाकलं, कान दिला.

"डावी करकरतेय. तेल आण."

ते टेबलाशी बसले. तेल सोडलं, नट सैल केले. गुळगुळीत भोकावर त्यांनी अंगठा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग म्हणाले, "वहिनी कुठवर येतात, हात वर करून दाखवा."

शिंप्यांनी हात वर केला. आजोबांनी लाकूड सरकवलं, नट आवळले आणि पुन्हा चालून बघितलं. आता त्यांची पाठ सरळ होती.

शिंप्यांनी कुबड्या घ्यायला हात पुढे केला.

"वजन हातांवर टाकायचं, बगलेवर नाही, हे वहिनींना दाखवायला हवं. तुम्हाला नाही जमायचं," आजोबा म्हणाले. "पोरी, माझ्या चपला कुठं आहेत?"

पुढे कुबड्या घेऊन शिंपी, मागे कठडा धरून आजोबा, असे ते दोघं जिना उतरले.

रविवारी काका रिकामी खोकी घेऊन आले. खुर्ची मोकळी होती.

"बाबा कुठं आहेत?"

"खाली. पेशंट बघायला गेलेत."

आजोबा धापा टाकत वर आले. काकांनी खोक्यांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "बाबा, मग कपाटाचं काय करायचं? आणि तुमच्या येण्याचं काय?"

"बघू," आजोबा म्हणाले.

काकांनी मुकाट्यानं खोक्यांची घडी घातली.

प्लास्टर निघाल्यावर वहिनी स्वतःच्या पायांनी वर आल्या, कुबड्या खांद्यावर टाकून. त्या गेल्यावर आजोबांनी नट सोडवले आणि ते पुन्हा त्या गुळगुळीत भोकात बसवले.

"आजोबा, तुमच्या उंचीला लावा ना. पाठ दुखेल."

"तपासायचं माप हेच आहे," ते म्हणाले, आणि वाकून टकटक करत स्वयंपाकघराकडे निघाले.